पडदा, भिंत आणि बघणारा: वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या टपालात दोन प्रकारची पत्रं जास्त आहेत. काहींना बघितलेल्या सिनेमाबद्दल नीट लिहायचंय. काहींना शाळेत, सोसायटीत, चौकात असं काही उभं करायचंय की येणारा-जाणारा नुसतं बघून पुढे जाणार नाही, थांबून हात लावेल. दोन्हीकडे अडचण एकाच जागी आहे. बघणारा कुठे उभा आहे, त्याला तिथून काय दिसतं, काय ऐकू येतं, याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. तो पहिल्यांदा करायचा आहे.

सिनेमा बघून आले की वहीत लिहायला बसते. चार पानं भरतात, पण वाचून बघितलं तर सगळी गोष्टच उतरलेली असते. माझं म्हणणं "छान होता" एवढ्यावरच संपतं. काय चुकतंय? (गंगापूर रोड)

तुमचं बघणं चुकत नाहीये, टिपण उशिरा होतंय. गोष्ट दोन दिवसांनीही आठवते, कारण एका प्रसंगाला धरून दुसरा येतो. डोळ्यांनी आणि कानांनी टिपलेलं मात्र तासाभरात पुसट होतं. म्हणून थिएटरबाहेर पडलं की कुणाशी चर्चा सुरू करायच्या आधी, पार्किंगमध्ये किंवा रिक्षात बसल्या बसल्या, सहा ओळी लिहून टाका. दोन ओळी दिसलेल्या चौकटींच्या, दोन आवाजांच्या, एक जिथे लक्ष उडालं त्या जागेची आणि एक जिथे अंगात काहीतरी झालं त्या जागेची. अंगात म्हणजे खरोखर अंगात: श्वास रोखला गेला, मान पुढे गेली, हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. मत अजून नको. मत रात्री आलं तरी चालतं.

एक उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळक्यांच्या हिंदुस्थान फिल्म्स कंपनीने, म्हणजे आपल्या नाशिकच्या कंपनीने, १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच तिचा चेहरा जवळून दिसतो. ती एकामागून एक भाव बदलत जाते, आणि मग त्याच मुलीच्या जागी कृष्णाचा वेष केलेली मूर्ती दिसते. आता याबद्दल "लहान मुलीचा अभिनय अप्रतिम आहे" असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "गोष्ट सुरू व्हायच्या आधीच दिग्दर्शक सांगून टाकतो की हा कृष्ण नाही, ही एक मुलगी आहे. तरी पुढे ती डोहात उतरते तेव्हा आपण कृष्णच बघत असतो" असं लिहिलं, तर तुम्ही काय बघितलं आणि त्याचं तुमच्या मनात काय झालं, दोन्ही आलं. अनुभव लिहायचा म्हणजे एवढंच: दिसलेली गोष्ट आणि तिचा परिणाम शेजारी शेजारी ठेवायचे.

मापही ठरवून घ्या. सहाशे शब्दांच्या लेखात गोष्टीला ऐंशी शब्द पुरेत, आणि तेही सुरुवातीला नकोत. "संथ", "सुंदर", "भडक" असं विशेषण हातून लिहिलं गेलं की त्याच्या पुराव्याची एक चौकट लगेच पुढे लिहा. चौकट आठवत नसेल तर विशेषण खोडा. "संथ" तर मोजताही येतं. घरी बघत असाल तर कुठलीही तीन मिनिटं घ्या आणि चित्र किती वेळा तुटून दुसरं येतं ते बोटांवर मोजा. पंचेचाळीस वेळा तुटलं तर एक तुकडा सरासरी चार सेकंदांचा. नऊ वेळाच तुटलं तर वीस सेकंदांचा. पुष्कळदा असं निघतं की तुकडे लांब नव्हतेच, तेच ते परत सांगितलं जात होतं. मग तक्रार संथपणाची राहत नाही, पुनरुक्तीची होते, आणि ती जास्त खरी असते.

लिहून होईपर्यंत दुसऱ्यांची परीक्षणं वाचू नका. वाचलेलं वाक्य डोक्यात बसतं आणि आपलंच वाटायला लागतं.

३० एप्रिलला फाळके जयंतीनिमित्त आम्ही कॉलेजात मूकपटाचे तुकडे दाखवतो. माणसं तुरुतुरु पळतात आणि मुलं खदाखदा हसतात. तो काळच तसा होता का? (कॉलेज रोड)

माणसं तशी चालत नव्हती, तुम्ही सिनेमा दीडपट वेगाने दाखवताय. तेव्हाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं घेतली जायची. बोलपट आल्यावर २४ हा वेग ठरला. १६ ने घेतलेलं २४ ने दाखवलं की साठ सेकंदांचा प्रसंग चाळीस सेकंदांत उरकतो.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.६७ करा. १६ भागिले २४ चा हा आकडा आहे. पण त्याआधी एक तपासणी करा, नाहीतर उलटी चूक होईल. चित्र थांबवून कीबोर्डवरचं 'ई' बटण एकेकदा दाबत जा, दर वेळी एकच चौकट पुढे सरकते. दर तिसरी चौकट आधीच्यासारखीच निघाली, तर कुणीतरी वेग आधीच दुरुस्त करून ठेवलाय. तो तुकडा अजून हळू केला तर माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतील. शंका वाटली तर चालणाऱ्या माणसाकडे न बघता पडणाऱ्या वस्तूकडे बघा: ओतलेलं पाणी, सुटलेला पदर, उडी. चाल नट बदलू शकतो, पडण्याचा वेग कुणाला बदलता येत नाही. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग प्रसंगागणिक थोडा बदलतो, म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी आकडा वेगळा लिहून ठेवा.

टीव्हीवर दाखवणार असाल तर त्यातलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, ते मधली खोटी चित्रं बनवतं. पेटी-तबला साथीला बसवणार असाल तर तालीम दुरुस्त केलेल्या वेगावरच घ्या. एवढं केलंत की हसू थांबेल. आपल्याच गावात राहून गेलेल्या माणसाचं काम मुलांनी हसून सोडून द्यावं, हे काही बरं नाही.

कोजागिरीला सोसायटीच्या आवारात सिनेमा ठेवला होता. चित्र फिकट, पडदा फडफडतोय आणि मागच्या रांगांना संवाद ऐकू येत नाहीत. प्रोजेक्टरवाला म्हणाला, चांदण्यामुळे फिकट दिसतंय. (इंदिरानगर)

चंद्राचा काही दोष नाही. हिशेब करून बघू. बारा फूट रुंद, पावणेसात फूट उंच पडदा म्हणजे सुमारे साडेसात चौरस मीटर. प्रोजेक्टरवर तीन हजार ल्युमेन लिहिलेलं असलं तरी वापरलेल्या दिव्याचा आणि सिनेमाच्या रंगसेटिंगचा खरा उजेड निम्मा धरा, दीड हजार. म्हणजे पडद्यावर चौरस मीटरला दोनशे, याला दोनशे लक्स म्हणतात. पौर्णिमेचं चांदणं फार तर ०.३ लक्स भरतं. पण आवारातला एलईडी दिवा पडद्यावर सहज वीस लक्स टाकतो. मग पडद्यावरचा काळा रंग वीसचा आणि पांढरा दोनशे-वीसचा होतो. काळं काळं राहतच नाही, त्यालाच आपण फिकट म्हणतो. पडद्यासमोरचे आवारातले दिवे विझवा किंवा तेवढे झाकून घ्या. जिन्यातले दिवे मात्र चालू राहू द्या, म्हातारी माणसं येतात-जातात.

वेळ दुसरी. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सात वाजून जातात. मावळल्यावर चाळीस मिनिटांनी सुरू करा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून मे महिन्यात अडीच तासांचा सिनेमा उघड्यावर घेऊ नये. भाषणं तर मुळीच नकोत.

पडद्याला वारा लागतो तो जहाजाच्या शिडासारखा. याच मापाच्या पडद्यावर ताशी वीस किलोमीटरचा वारा साधारण सतरा किलोचा जोर लावतो. वारा चाळीसचा झाला की जोर चौपट होतो, सत्तर किलोच्या आसपास. चार कोपऱ्यांना सुतळी बांधून हे कसं सांभाळणार? पडद्याच्या चारही कडांना दुहेरी पट्टी शिवून दर दीड फुटाला पितळी रिंग ठोकून घ्या. वरची कड आडव्या बांबूला घट्ट बांधा. बाजूच्या आणि खालच्या रिंगा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्यांनी अडकवा. झोत आला की रबर ताणतं आणि पडदा परत जागेवर येतो, फाटत नाही. उभ्या बांबूंना मागे-पुढे दोन्हीकडे ताण द्या आणि बुंध्याला वाळूच्या गोण्या ठेवा. मांडववाल्याला एवढं सांगितलं की तो बरोबर करतो, फक्त मागचा ताण विसरू देऊ नका. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर असावी, म्हणजे पुढच्यांची डोकी आड येत नाहीत. पहिली सतरंजी पडद्यापासून बारा फुटांवर आणि शेवटची खुर्ची चाळीस फुटांच्या आत.

आवाजाचं म्हणाल तर स्पीकर जमिनीवर ठेवलेले असणार. संवादातले स, श, त, क हे आवाज पुढच्या माणसांच्या अंगात शोषले जातात आणि मागे नुसता घुमारा पोचतो. दोन्ही स्पीकर सात फुटांवर चढवा, तोंड थोडं खाली, शेवटच्या रांगेकडे. जोडणी वायरनेच करा. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. एचडीएमआय केबल लांब ओढली की चित्र मधूनच जातं, म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारी ठेवा आणि लांब ओढायची ती आवाजाची वायर ओढा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. घरच्या वर्गणीच्या ॲपवरून किंवा विकतच्या डिस्कवरून असा जाहीर खेळ करता येत नाही, त्यासाठी हक्क असणाऱ्याची लेखी परवानगी लागते. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो.

अशा कलेला मराठीत काय म्हणावं? "परस्परसंवादी सार्वजनिक कला" छापलं तर कुणी फिरकत नाही. (देवळाली कॅम्प)

"हात लावून बघा" असं मोठ्या अक्षरात लिहा, खाली तारीख-वेळ. लेखात लिहिताना सहभागाची कला म्हणा, समजतं. नाशिककरांना तर ही कल्पना समजावून सांगायची गरजच नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात. त्या काठावर उभं राहून बघायच्या नसतात, त्यात उडी मारायची असते. उडी मारणारा नसेल तर तो नुसता रंगीत पाण्याचा हौद. चौकात काहीही मांडताना ही कसोटी लावून बघा: माणूस काढून टाकला तर मागे काय उरतं?

फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं होतं, असं मुलांना सांगितलं. आता मुलांना तसंच मोबाइलवर करायचंय. एकदा केलं, पण सगळं लुकलुकतं. (शिक्षिका, सातपूर)

लुकलुकण्याची कारणं तीन. खिडकीतला उजेड दिवसभर बदलतो. मोबाइल प्रत्येक फोटोला उजेड आपल्या मनाने ठरवतो. आणि स्वस्त एलईडी दिवा विजेबरोबर फडफडतो. तिन्ही एकदम बंद करा. खोली अंधारी हवी, खिडकीला काळा कागद. एकच दिवा, तो बरोबर डोक्यावर. बाजूला ठेवला तर रोप दिव्याकडे वाकत जाईल आणि शेवटी चौकटीबाहेर जाईल. मोबाइलवर उजेड, फोकस आणि रंग तिन्ही कुलूपबंद करा, आणि शटर एक भागिले पन्नास सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे, त्यामुळे पट्टे पडत नाहीत.

वाटाणे आठ-दहा तास भिजवा, तीन पेरा. एखादा हमखास दगा देतो. कुंडी काचेच्या पेल्याची असेल तर मुळंही दिसतील, पण पेल्यावर दव धरतं, म्हणून वर झाकण ठेवू नका. पाणी रोज ठरलेल्या वेळी, ड्रॉपरने, पेल्याला धक्का न लावता घाला. टेबलावर मोबाइलच्या स्टँडच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवा. दर पंधरा मिनिटांनी एक फोटो, दहा दिवस, म्हणजे ९६० फोटो. सेकंदाला सोळा या जुन्या वेगाने दाखवले की बरोबर एक मिनिटाचा सिनेमा. मोबाइल दहा दिवस चार्जरवर राहील, त्याचं कव्हर काढून ठेवा आणि घरातला जुना फोनच वापरा. दहा दिवस कुणाला थांबायचं नसेल तर मटकी घ्या: दोन दिवस, दर पाच मिनिटांनी एक, ५७६ फोटो.

प्रदर्शनासाठी फिरवायचं चित्रचक्र बनवलं, ज्याच्या फटींतून चित्र हलताना दिसतं ते. पण सगळं धूसर दिसतं आणि घोडा बकरीएवढा बारीक होतो. (नाशिक रोड)

धूसर दिसतं कारण फट रुंद आहे. तीस सेंटिमीटर व्यासाच्या डब्याला चार ते पाच मिलिमीटरची फट पुरते. एक सेंटिमीटर केली की डोळ्याला चित्र थांबलेलं दिसत नाही, सरकताना दिसतं. बाहेरून आणि आतून, चित्रांच्या वरची भिंत गडद काळी, चकाकी नसलेली. डबा बाहेरून पांढरा असला तर डोळा त्याच्याच उजेडाने दिपतो. उजेड वरून, डब्याच्या आत, चित्रांवर पडू द्या.

बारीक होण्यात तुमची चित्रकला चुकलेली नाही. समोरची फट डावीकडे जात असते तेव्हा पलीकडचं चित्र उजवीकडे जात असतं. दोघं एकमेकांना ओलांडतात, म्हणून चित्राची रुंदी दबते. डोळा फटीच्या जवळ असेल तर घोडा दीडपट रुंद काढा, लोक लांब उभे राहणार असतील तर दुप्पट. कागदावर तो म्हशीसारखा दिसेल, फिरवल्यावर घोडा होईल.

बारा फटींना बारा चित्रं असली की घोडा जागेवर धावतो. तेरा चित्रं लावली तर तो धावता धावता एका बाजूला सरकतो. मुलांना हे करून बघू द्या, यासाठी पट्ट्या काढता-घालता येतील अशा ठेवा. सेकंदाला एक फेरा हा वेग चांगला. वाटाण्याच्या फोटोंतले दर ऐंशीवा असे बारा घेऊनही पट्टी होते, पण बाराव्यानंतर रोप धाडकन परत बी होतं. सहा वाढीचे आणि तेच सहा उलटे लावले की ते श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं.

चार दिवसांच्या प्रदर्शनात मोडतो तो आस. पेन किंवा खिळा टिकत नाही. भंगारातून सायकलच्या पुढच्या चाकाचा हब आणा, छर्रे धुऊन ग्रीस भरा आणि डब्याचा तळ त्यावर बारा मिलिमीटरच्या प्लायने बसवा. मुलं डबा पकडून फिरवतात आणि फटी फाटतात, म्हणून खाली वेगळी लाकडी चकती द्या, हात तिथे जाईल.

याच तत्त्वावर एक अख्खी भिंत आहे. बिल ब्रँड या कलावंताने १९८० साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या भुयारी रेल्वेत २२८ चित्रं रंगवून फटींच्या मागे लावली. तिथे चित्रं जागेवर असतात, चालते ती गाडी. खिडकीत बसलेल्याला वीसेक सेकंदांचा सिनेमा दिसतो. रुळांऐवजी शाळेचा लांब व्हरांडा आणि गाडीऐवजी पळणारी मुलं, असंही होऊ शकतं.

पंचवटीत शाळेच्या भिंतीवर सावल्यांचा खेळ करायचाय: मुलं समोर येतील आणि त्यांच्या सावल्या मोठ्या दिसतील. हॅलोजनऐवजी एलईडी पॅनेल आणलं, तर सावलीच पडत नाही. (पालक)

पॅनेल एक फूट रुंद असणार. सावलीची कड किती धूसर होणार ते दिव्याच्या रुंदीवर ठरतं. दिवा भिंतीपासून बारा फुटांवर आणि मूल भिंतीपासून तीन फुटांवर धरा. एक इंच रुंदीच्या दिव्याने कड फक्त तिसरा हिस्सा इंच धूसर होते, बारा इंची पॅनेलने चार इंच. बोटंच दिसेनाशी होतात. म्हणून एकच चिप असलेला एलईडी घ्या, पुढचं दुधी झाकण काढून. बारीक बारीक दिव्यांची जाळी असलेला घेतलात तर एका हाताचे वीस हात दिसतील. मुलांना तेही आवडेल, पण तुम्हाला हवं ते नाही.

सावली किती पट मोठी हे दिव्यापासून भिंतीच्या अंतराला दिव्यापासून मुलाच्या अंतराने भागलं की निघतं. वरच्या मांडणीत पाच फुटी मुलाची सावली पावणेसात फुटांची. तेच मूल दिव्यापासून चार फुटांवर आलं की तिप्पट, पंधरा फूट. जमिनीवर चुन्याने दोन-तीन रेघा मारा, मुलं आपोआप शोधून काढतात की मागे गेलं की राक्षस होतो. राफाएल लोझानो-हेमर यांनी २००१ साली रॉटरडॅमच्या चौकात याच तत्त्वावर मोठं काम केलं होतं. जमिनीवरच्या प्रखर दिव्यांमुळे भिंतीवरची छायाचित्रं धुऊन निघायची आणि माणूस आडवा आला की त्याच्या सावलीत ती दिसायला लागायची. तुम्हीही ते करू शकता. अंधाऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरने मुलांचे फोटो टाका आणि त्यावर एलईडीचा उजेड. सावली पडेल तिथेच फोटो उघडेल. यात प्रोजेक्टर उंच आणि एका बाजूला हवा, नाहीतर मूल दोन्ही अडवतं आणि काहीच दिसत नाही.

रंग हवे असतील तर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकमेकांपासून फूटभर अंतरावर ठेवा. भिंत पांढरी दिसेल, आणि सावल्या पडतील आकाशी, राणी आणि पिवळ्या. लाल अडला तिथे आकाशी, हिरवा अडला तिथे राणी, निळा अडला तिथे पिवळा. भिंत गुलाबी दिसली तर लाल दिवा थोडा मागे सरकवा.

पडद्यामागे दिवा ठेवून समोरून बघायचं असेल तर मांजरपाट चालतं, पण त्यातून दिव्याचा ठिपका डोळ्यात येतो. दिवा जमिनीवर ठेवा आणि पडद्याच्या खालच्या तीन फुटांना काळं कापड लावा. कंबरेवरची सावली मिळेल, डोळे वाचतील. मुलं दिव्यात डोकावतात, म्हणून दिव्याभोवती दोरी आणि वायर जमिनीला चिकटवलेली हवी.

चौकात मांडलेल्या अशा कामाबद्दल लिहायचं तर सिनेमासारखंच लिहायचं का? (मखमलाबाद)

नाही. सिनेमात तुम्ही एकटे बघता, इथे बघणाऱ्यांना बघायचं असतं. वीस मिनिटं एका जागी उभे राहा आणि घड्याळ लावून मोजा: किती जण गेले, किती थांबले, पहिला हात कुणी लावला, थांबलेला किती सेकंद थांबला. नंतर स्वतः हात लावा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी परत जा. सकाळी अकराला निर्जीव वाटणारं काम संध्याकाळी शाळा सुटल्यावर वेगळंच असतं. काय मोडलंय, कुठला रंग हातांनी घासला गेलाय, हेही लिहा. घासलेली जागा म्हणजे लोकांनी दिलेलं उत्तर असतं.

"मरण्यापूर्वी मला..." असं अपुरं वाक्य असलेला फळा आम्हीही कट्ट्यावर लावला. लोकांनी फारसं लिहिलं नाही, आणि पुसलं तरी आधीचं दिसत राहतं. (सिडको)

मूळ फळा कँडी चँग यांनी २०११ साली न्यू ऑर्लिन्समधल्या एका ओसाड घराच्या भिंतीवर केला. तिथल्या भाषेत रिकामी जागा वाक्याच्या शेवटी येते, लिहिणारा हवं ते लिहून मोकळा. मराठीत क्रियापद शेवटी. "मला ____ बघायचं आहे" असं छापलं की ताजमहाल लिहिणारा अडतो, कारण त्याला "बघायचा" हवं असतं. "नाशिकमधलं ____ मला आवडतं" मध्येही तेच: मधला, मधली की मधलं? माणूस खडू हातात घेऊन दोन सेकंद अडखळला की गेला. वाक्य असं निवडा की जागा शेवटी येईल आणि लिंगाची गाठ पडणार नाही: "नाशिक म्हटलं की आठवतं ते ____". किंवा "आजीने शिकवलं ते ____". मरणाचं वाक्य आपल्याकडे चारचौघांत, मुलांसमोर लिहायला लोक कचरतात, त्यामुळेही हात थांबला असेल.

पहिल्या चार-पाच ओळी तुम्हीच वेगवेगळ्या अक्षरांत भरून ठेवा. कोऱ्या फळ्यावर कुणी सुरुवात करत नाही. सर्वात खालची ओळ दोन फुटांवर, सर्वात वरची साडेपाच फुटांवर. ओळीची उंची तीन इंच. खडू दोरीला बांधू नका, दोरीचा गुंता होतो. अर्धे तुकडे करून वाटीत ठेवा, अख्खे नेले जातात.

आधीचं दिसत राहतं ते कोऱ्या रंगावर थेट लिहिल्यामुळे. फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन हात, मधे पॉलिश पेपर, मग तीन दिवस वाळवण. त्यानंतर खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या डस्टरने पुसायचा. रंगातली बारीक छिद्रं खडूने सारखी भरतात आणि पहिल्या लिहिणाऱ्याची अक्षरं कायमची उमटत नाहीत. तुमच्या फळ्याला आता पॉलिश पेपर मारून एक नवा हात द्या आणि हे करा. पावसाळ्यात लावू नका, भिंतीला ओल येते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रोज संध्याकाळी पुसण्याआधी फोटो काढा. कुणाचं पूर्ण नाव किंवा मोबाइल नंबर लिहिला असेल तर तो मात्र संध्याकाळची वाट न बघता, दिसल्या दिसल्या पुसायचा. त्यासाठी ओलं फडकं वाटीशेजारीच टांगून ठेवा.